हळू बोला, हॉटेल आहे!

माझ्या मते हॉटेलांचे दोनच प्रकार असतात. पहिल्या प्रकारच्या हॉटेलात आपण वेटरला हाक मारतो. दुसऱ्या प्रकारच्या हॉटेलात वेटर समोर आला की आपल्याला उठून उभं राहावंसं वाटतं. माझं सगळं आयुष्य पहिल्या प्रकारात गेलं. एका पंजात चार ग्लास, आणि चारही ग्लासांत एकेक बोट बुडवून पाणी आणणारा पोऱ्या, 'दोन मिसळ, एक कट जादा' अशी आतपर्यंत जाणारी आरोळी, आणि भिंतीवर 'काम झाल्यावर उगाच बसू नये' अशी पाटी. या वातावरणात मला अगदी घरच्यासारखं वाटतं. घरीही मला साधारण असंच वागवतात.

त्यामुळे २०२२ च्या दिवाळीत चिरंजीवांनी "बाबा, जानेवारीत आपण सगळ्यांनी गुलमर्गला जायचं, बर्फ बघायला," असं जाहीर केलं आणि मोबाईलवर हॉटेलचे फोटो दाखवले, तेव्हा मी विचारलं, "इथं राहायचं, की हे नुसतं बाहेरून बघायचं?"

फोटोत नक्षीकाम केलेलं लाकडी छत होतं, पाय ठेवायला भीती वाटावी असे गालिचे होते, आणि काचेआड गरम पाण्याच्या तलावात डुंबत बाहेरचा बर्फ बघणारी एक बाई होती. मी भाडं विचारलं. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही पैशांचं बघू नका." मुलगा असं म्हणाला की बापानं ओळखावं, आकडा बघण्यासारखा आहे! तो मी सूनबाईंकडून काढून घेतला. एका रात्रीचं भाडं माझ्या १९८६ सालच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त होतं. म्हणजे वर्षभर बँकेत मान मोडून खातेवह्या लिहायच्या आणि त्या बदल्यात एक रात्र झोपायचं. तेही झोप लागली तर.

आमची सौभाग्यवती मात्र वेगळ्याच हिशेबात होती. "जानेवारीत म्हणजे कधी?"

"चौदा ते सतरा."

"अरे, पंधराला संक्रांत आहे! मग गुंड्याच्या बोरन्हाणाचं काय?"

इथं थोडा खुलासा करायला हवा. चिरंजीव बंगलोरला असतात. त्यांची थोरली चिऊ, वय वर्षं सहा. धाकटा गुंड्या, वय वर्षं तीन. त्यांची बारशाची नावं चांगली भारदस्त आहेत, पण ती फक्त शाळेच्या फॉर्मवर भरायला वापरतात. गुंड्या जन्मला आणि पाठोपाठ कोरोना आला. त्याच्या आयुष्यातल्या पहिल्या दोन संक्रांती दाराला कडी लावून झाल्या. दोन्ही वेळा बोरन्हाण झालं, पण लुटायला चिऊ एकटी. तिनं शांतपणे खाली बसून एकेक बोर वेचलं आणि वाटीत ठेवलं. याला लूट म्हणत नाहीत, याला निवडटिपण म्हणतात. 'पोरं तुटून पडली पाहिजेत,' असं सौभाग्यवतीचं म्हणणं. तीन वर्षांचं झालं पोर. आता नाही तर कधी?

"रथसप्तमीपर्यंत चालतं ना गं आई?" चिरंजीव म्हणाले.

"चालतं की. पण तुम्ही दिल्लीहून तसेच बंगलोरला जाणार आणि आम्ही पुण्याला. मी काय बोरं पोस्टानं टाकू?"

त्यावर कुणी काही बोललं नाही. पण निघायच्या दिवशी आमच्या बॅगेचं वजन पाच किलोनं वाढलेलं दिसलं, आणि सौभाग्यवतीच्या मांडीवर मिठाईचा एक चौकोनी खोका आला. तो तिनं पुण्यापासून श्रीनगरपर्यंत खाली ठेवला नाही. विमानतळावर त्या खोक्याचा क्ष-किरणांत फोटो निघाला, तेव्हा पडद्यासमोरचा जवान बराच वेळ एकटक बघत राहिला. त्याला एक मुकुट, एक हार, दोन बाजूबंद आणि एक बासरी दिसत होती. त्यानं खोका उघडायला लावला. हलव्याचे दागिने बघून म्हणाला, "माताजी, ये खाने का है या पहनने का?" सौभाग्यवती म्हणाली, "पहले पहननेका, फिर खानेका." असा दागिना सगळ्यांनी केला, तर लॉकर कशाला लागतील?

श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. त्यातले शेवटचे तेरा, टंगमर्गपासूनचे, चढाचे. हिवाळ्यात टंगमर्गला गाडी बदलायची, चाकांना साखळ्या बांधलेल्या जीपमध्ये बसायचं आणि भाड्याचे गमबूट पायांत घालायचे. कुणाच्या कुणाच्या पायांत जाऊन आलेले ते बूट घालताना मला एकदम हायसं वाटलं. पुढच्या हॉटेलात आपल्या पातळीचं काहीतरी बरोबर असावं!

जीपचा ड्रायव्हर मोठा दिलखुलास माणूस. अंगात पायघोळ फेरन आणि आत कांगडी. म्हणजे वेताच्या परडीत बसवलेलं मातीचं भांडं, त्यात निखारे. गाडी थांबली की तो ती पोटाशी घेऊन बसायचा. गुंड्यानं हे शोधून काढलं आणि ओरडला, "आजोबा, काकांच्या पोटात शेगडी आहे!" काकांना मराठी कळलं नाही, पण पोट कळलं. त्यांनी कांगडी काढून त्याला दाखवली. थंडीची वंशावळही त्यांनीच सांगितली. एकवीस डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, म्हणजे थोरली थंडी. मग वीस दिवस चिल्लई खुर्द, म्हणजे धाकटी. शेवटी दहा दिवस चिल्लई बच्चा. मला ही वाटणी पटली. फक्त आमच्याकडे बच्चा सगळ्यात कडक असतो, एवढाच फरक.

हॉटेलच्या दारात गाडी थांबली. दार आपोआप उघडलं. आत पाऊल टाकलं आणि सगळ्यात आधी काही दिसलं नाही, तर ऐकू आलं. म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. एवढी मोठी लॉबी, पंधरावीस माणसं, आणि आवाज नाही. गालिचे इतके जाड की पाऊल वाजत नव्हतं. कोपऱ्यात परदेशी पाहुणे आपले बर्फावर घसरायचे बूट बाजूला ठेवून पुस्तकं वाचत होते. मधुचंद्राची जोडपी एकमेकांशी नुसती ओठ हलवून बोलत होती. रिसेप्शनवरची मुलगी इतक्या हळू आवाजात 'वेलकम' म्हणाली, की मला वाटलं, इथं कुणीतरी आजारी आहे.

या शांततेत गुंड्या खणखणीत आवाजात म्हणाला, "आई, हे देऊळ आहे का?"

सूनबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "शूऽऽ!"

गुंड्यानं क्षणभर मनापासून विचार केला आणि तेवढ्याच खणखणीत आवाजात सांगितलं, "नाही आली!"

इथून पुढचे दोन दिवस आमच्या कुटुंबात हाच संवाद चालला. मराठीत हे एक मोठंच न्यून आहे. मुलाला गप्प बसवायचा आणि मुलाला बाहेर न्यायचा शब्द एकच. लिफ्टमध्ये 'शूऽऽ!' म्हटलं की 'नाही आली!' जेवणाच्या हॉलमध्ये 'शूऽऽ!' म्हटलं की 'मगाशीच केली!' आणि खरोखर जेव्हा यायची, तेव्हा तो आम्हाला दाखवून दिल्यासारखा चूप राहायचा.

खरी केव्हा यायची, तेही सांगतो. बर्फात जायचं म्हणजे मुलाला आधी आतला गरम पोशाख, वर शर्ट, वर स्वेटर, वर जाकीट, दोन पाटलोणी, दोन मोजे, गमबूट, हातमोजे, कानटोपी. आमची दोन मुलं बांधून व्हायला चाळीस मिनिटं लागत. खोली गरम, त्यामुळे बांधणारे घामाघूम. शेवटचा हातमोजा चढला, अंगठा अंगठ्याच्या जागी गेला, दार उघडलं, की गुंड्या तोंड पाडून म्हणायचा, "आली."

पहिल्या दुपारी आम्ही गोंडोलात बसलो. १९९८ साली ही पाळण्यांची वाट कोंगडोरीपर्यंत सुरू झाली आणि २००५ मध्ये तिचा दुसरा टप्पा पार अफरवटच्या खांद्यापर्यंत, तेरा हजार फुटांच्या आसपास गेला. गुलमर्गच मुळात पावणेनऊ हजार फुटांच्या घरात. आम्ही पहिल्या टप्प्यावर समाधान मानलं. पाळणा देवदारांच्या शेंड्यांवरून सरकत होता, खाली दूधभात सांडावा तसा बर्फ, मी डोळे भरून बघत होतो. चिऊ पाळण्याच्या काचेवर वाफ सोडून त्यावर बोटानं मांजर काढत होती. गुंड्या झोपला होता. वर पोचल्यावर त्याला जागं केलं. त्यानं बर्फाला एक बोट लावलं, 'गार आहे' असा अभिप्राय दिला आणि परत खांद्यावर मान टाकली.

मुलांना हॉटेलमधलं काय आवडलं, याची यादी मी केली आहे. एक, लिफ्टची बटणं. दोन, आपोआप उघडणारं दार, त्यातून चौदा वेळा ये-जा. तीन, न्हाणीघरातले छोटे साबण. चार, टेलिफोन, कारण तो उचलला की पलीकडून एक काका 'येस सर' म्हणतात. बर्फ पाचव्या नंबरावर होता.

या सगळ्यात आमच्या जखमेवर मीठ चोळायला एक कुटुंब होतं. दिल्लीकडचं. आईवडील, मुलगा सातेक वर्षांचा, मुलगी पाचेक, दोघांना एकसारखे निळे स्वेटर. ती मुलं बसत, तर बसलेलीच राहत. सूप पीत, तर सुपाला कळत नसे. आईनं नुसती भुवई उचलली की दोन्ही मुलं चमचा ठेवत. आमच्या सूनबाई त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघत, त्या नजरेनं आमच्या लहानपणी आमचे वडील बोर्डात आलेल्या मुलांकडे बघत.

त्या रात्री जेवणाच्या हॉलमध्ये जे झालं, ते मात्र मुलांनी केलं नाही.

जेवण आपलं आपण वाढून घ्यायचं होतं. पन्नास पदार्थ, चांदीसारखी झाकणं, प्रत्येक झाकणाखाली नवीन नाव. सौभाग्यवती ताटली घेऊन एका टोकाला गेली, मी दुसऱ्या. दुपारी तिला गुलाबी चहा दिला होता. तो खारट निघाला. 'दूध नासलंय' म्हणून तिनं तो परत पाठवायला काढला, तेव्हा कळलं की इथला चहा असाच मिठाचा असतो. तेव्हापासून तिची प्रत्येक झाकणाबद्दल शंका होती. आणि एकदम हॉलच्या त्या टोकाहून या टोकाला आनंदाची आरोळी आली.

"अहोऽऽ! इकडे या! इथं साधं वरणभात आहे!"

सगळ्या माना वळल्या. परदेशी पाहुण्यांच्या, जोडप्यांच्या, निळ्या स्वेटरांच्यासुद्धा. आणि चिरंजीव झटकन तिच्याजवळ गेले आणि दातांवर दात ठेवून म्हणाले, "आई, हळू बोल ना! हॉटेल आहे हे."

काही वावगं बोलला नाही तो. तिनंही 'बरं' म्हटलं. ताटलीत वरणभात घेतला, टेबलाशी येऊन बसली आणि खाली मान घालून जेवली. मग कहवा आला, केशराचा, बदामाचे काप घातलेला. तो तिला आवडला असावा, पण ती तसं म्हणाली नाही. खोलीत आल्यावर दिवा मालवला, तेव्हा अंधारात हळूच आवाज आला, "अहो, मी फार मोठ्यानं बोलते का हो?"

आता खरं सांगतो. लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली. 'जरा हळू बोल' हे वाक्य मी त्यात किती वेळा म्हटलं असेल, त्याचा हिशेब नाही. एकदाही उपयोग झाला नाही. आणि आता ती कुजबुजत होती, तर मला ते मुळीच बरं वाटलं नाही. बंद पडलेल्या घड्याळाजवळ झोपल्यासारखं वाटलं. "छे गं," मी म्हटलं, "मला तर हल्ली ऐकूच कमी येतं."

मला झोप लागली नाही. मला १९८६ चं महाबळेश्वर आठवत होतं. चिरंजीव तेव्हा पाच वर्षांचे. आम्ही एका बऱ्यापैकी हॉटेलात एकच दिवस जेवलो, आणि नेमके शेजारच्या टेबलावर आमचे मॅनेजरसाहेब सहकुटुंब. मी हसून नमस्कार केला, आणि त्या क्षणी चिरंजीव सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाबा, इथं आणखी पोळी घेतली तर पैसे पडतात का?" मी टेबलाखालून त्याच्या मांडीला चिमटा काढला. चांगला, पिळून. तो रडला नाही. उरलेलं जेवण गुपचूप जेवला. साहेब घरी जाताना म्हणाले, "गुणी आहे हो मुलगा." मला केवढा अभिमान वाटला होता!

मुलगा शिकला तो असा. आणि आता तो आईला शिकवत होता.

सकाळी उठून बघतो, तर खिडकी पांढरी. रात्रभर बर्फ पडला होता आणि अजून पडतच होता. गोंडोला बंद, खालचा रस्ता बंद. चिऊ खिडकीशी उभी होती. तिनं विचारलं, "आजोबा, आपण घरी कधी जायचं?"

"का गं? इथं आवडत नाही?"

"आवडतं. पण घरी मोठ्यानं बोलता येतं."

मग आजीनं डबा उघडला, तिळगूळ काढला आणि तिच्या हातावर ठेवला. चिऊनं दोन्ही हात पुढे करून तो घेतला, आणि आजीला शहाण्या मुलीसारखं कुजबुजत म्हणाली, "तिळगूळ घ्या, हळू बोला."

चिरंजीव तिथंच होते. त्यांनी ते ऐकलं. थोडा वेळ बाहेरच्या बर्फाकडे बघितलं आणि म्हणाले, "आई, बोरन्हाण करून घे. खोलीतच कर, चादर अंथरून. फक्त जरा, म्हणजे..."

"हळू," सौभाग्यवती म्हणाली. "कळलं."

आणि ते बोरन्हाण हळूच सुरू झालं. गादीवरची पांढरी चादर खाली अंथरली. गुंड्याला काळा झबला-कुर्ता, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, दंडात बाजूबंद, हातात बासरी. परातीऐवजी फळांची काचेची वाटी. त्यात चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, हलवा. पुण्याहून पाच किलो काय आलं होतं, ते आता कळलं. लुटायला पुन्हा चिऊ एकटी. सौभाग्यवतीनं औक्षण केलं, तेही ज्योत न लावता, कारण छतावरच्या आग ओळखणाऱ्या यंत्राला संक्रांत कुठली कळायला! मग तिनं वाटी उचलली आणि त्याच्या डोक्यावर पहिली ओंजळ ओतली.

गेले दोन दिवस गुंड्या चूप होता. तीन वर्षांच्या मुलाच्या मानानं फारच. त्या चुरमुऱ्यांनी बूच उडालं. तो किंचाळला. आनंदानं, पण अशी किंकाळी की शेजारचा चहा सांडावा. नेमकी त्याच वेळी दारावर टकटक झाली, जास्तीचे टॉवेल घेऊन आलेल्या माणसानं दार उघडलं, आणि गुंड्या त्याच्या पायांमधून बाहेर पडला.

पुढची मिरवणूक अशी. सगळ्यात पुढे मुकुटधारी गुंड्या, अंगावरून चुरमुरे गळताहेत. मागे 'अरे दागिने! दागिने मोडतील!' म्हणत वाटी घेऊन सौभाग्यवती. मागे चिऊ, सांडलेलं वेचत. मागे सूनबाई, 'शूऽऽ! शूऽऽ!' करत. मागे चिरंजीव अनवाणी. मागे टॉवेलवाला. आणि शेवटी चष्मा शोधून मी. जिन्यावरून खाली, आणि थेट लॉबीत.

बर्फामुळे सगळं हॉटेल त्या लॉबीत अडकून बसलं होतं. तीसचाळीस माणसं, आणि तीच शांतता. मधल्या मोठ्या गालिच्यावर गुंड्या थांबला. सगळीकडे बघितलं, आणि घोषणा केली, "माझं बोरन्हाण आहे!"

कुणी हललं नाही. सौभाग्यवती वाटी घेऊन गालिच्याच्या कडेला उभी राहिली. तिनं चिरंजीवांकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा ती मुलाची परवानगी मागत होती. माझ्या घशात काहीतरी आलं. मला वाटलं, आता हा 'आई, चल वर' म्हणेल, ती 'बरं' म्हणेल, आणि मग ती कधीच मोठ्यानं बोलणार नाही.

टॉवेलवाले काका तिच्याशेजारी उभे होते. पन्नाशीचे असतील. त्यांनी अदबीनं विचारलं, "जनाब, ये कौन सी रस्म है?"

चिरंजीवांनी हिंदीत सांगितलं. मुलाच्या डोक्यावरून हे ओततात, बाकीची मुलं लुटतात.

काकांचा चेहरा खुलला. "हमारे यहाँ शादी में दूल्हे पर बादाम और मिठाई बरसाते हैं, बच्चे लूटते हैं!" ते म्हणाले. आणि मग गालिच्यावरच्या एकुलत्या एक चिऊकडे बघून, "मगर बच्चे कहाँ हैं?"

तेवढ्यात कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला. "मम्मा, हम भी जाएँ?" निळा स्वेटर! तो मुलगा बोलतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्याच्या आईची भुवई वर गेली, अर्ध्यात थांबली आणि खाली आली. "जाओ," ती म्हणाली. मग जरा थांबून, "हमारी लोहड़ी तो इस बार रह ही गई."

चिरंजीवांनी आईच्या हातातल्या वाटीला हात लावला आणि मोठ्यानं, चांगल्या मोठ्यानं म्हणाले, "आई, ओत!"

तिनं ओतलं. चुरमुरे, बोरं, करवे, सगळं गुंड्याच्या डोक्यावरून त्या लाखमोलाच्या गालिच्यावर. आणि पोरं तुटून पडली! निळे स्वेटर, चिऊ, आणखी कुठून कुठून निघालेली चारपाच मुलं, जी त्या हॉटेलात आहेत याचा आम्हाला पत्ताही नव्हता, इतकी ती 'गुणी' होती. मग मधुचंद्राचं एक जोडपं गुडघ्यांवर आलं. एक परदेशी आजोबा उसाचा करवा उलटसुलट करून बघू लागले, तेव्हा सौभाग्यवतीनं त्यांना लॉबीच्या या टोकाहून ओरडून सांगितलं, "चावायचा! चघळून चोथा टाकायचा!" त्यांना ते मराठीतच समजलं. निळ्या स्वेटरांची आई स्वतःच्या शालीत बोरं गोळा करत होती आणि खो खो हसत होती. बाहेर काचेपलीकडे बर्फ पडतच होता, गुलमर्गचंही बोरन्हाण चालू होतं. तिथं लुटायला फक्त कावळे होते.

आणि मॅनेजर आले. कोट, टाय, चमकते बूट. सगळे गप्प झाले. त्यांनी गालिच्याकडे बघितलं. गुंड्यानं त्यांच्याकडे बघितलं, आपल्या हारातला एक हलवा तोडला आणि पुढे केला. "घ्या. गोड बोला."

मॅनेजरांनी तो तोंडात टाकला. हलवा चावायला वेळ लागतो. बहुधा तेवढ्या वेळात त्यांचा राग गेला असावा. "शुक्रिया," ते म्हणाले आणि कुणाला तरी हातानं खूण करून निघून गेले.

गर्दी पांगल्यावर चिरंजीव माझ्याशेजारी येऊन बसले. पायांना चुरमुरे चिकटलेले. म्हणाले, "बाबा, तुम्हाला आठवतं? महाबळेश्वरला तुम्ही मला चिमटा काढला होता."

मी गप्प. छत्तीस वर्षं मी समजत होतो, की हा हिशेब माझ्या एकट्याच्या वहीत आहे.

"मी काय विचारलं होतं, ते आठवत नाही," तो म्हणाला. "चिमटा आठवतो."

"आणखी पोळी घेतली तर पैसे पडतात का, असं विचारलं होतंस."

तो हसला. "मग? पडत होते का?"

"नव्हते पडत. नंतर कळलं. जेवण राइसप्लेटच्या भावात होतं, पोळ्या हव्या तेवढ्या."

यावर आम्ही दोघंही हसलो. मोठ्यानं. कुणीतरी वळून बघितलं. बघू दे.

दुसऱ्या दिवशी रस्ता उघडला. बिल आलं तेव्हा मी चिरंजीवांच्या खांद्यावरून वाकून वाचलं, गालिचा साफ केल्याचा आकडा कुठं आहे म्हणून. नव्हता. निघताना लॉबीच्या त्या टोकाहून निळा स्वेटर ओरडला, "आजीऽऽ, बाऽऽय!" आणि आमची ही त्याच्या दुप्पट आवाजात ओरडली, "अच्छेसे रहना रेऽऽ!" कुणी तिला हळू बोल म्हणालं नाही. मीसुद्धा. पुण्याला आल्यावर दुसऱ्याच दिवशी म्हणालो, तो भाग वेगळा.

आठवड्यानं बंगलोरहून फोन आला. बालवाडीत बाईंनी गुंड्याला विचारलं होतं, काश्मीरला काय काय बघितलंस? एवढा खर्च, एवढे डोंगर, एवढा बर्फ, दोन टप्प्यांचा गोंडोला! गुंड्यानं उभं राहून, हात पसरून, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगितलं म्हणे,

"तिथं एक मोठ्ठं मशीन आहे. ते चुरमुरे खातं!"